पांढऱ्या घेवड्याचं नाक

९ नोव्हेंबर, शनिवार
ढगाळ. पहाटेचं दव गोठलेलं. वारा तळ्याकडून.

काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, रस्ते खात्यात बर्फ सारायचा ट्रक चालवत होतो तेव्हा रोज संध्याकाळी हवामान आणि रस्त्याची अवस्था लिहून ठेवायची शिस्त होती. जूनमध्ये निवृत्त झालो, पण लिहिणं सुटलं नाही. आता रस्ता दुसऱ्याचा, म्हणून मी घरचं लिहितो.

आज घरचं असं की माझी बायको मार्डेल सकाळी चर्चच्या पायऱ्यांवर घसरून पडली. उजवं मनगट सुजलंय. डॉक्टरांनी पट्टी बांधून हात गळ्यातल्या झोळीत अडकवून दिला. येताना गाडीत मी तिला म्हटलं, "पायऱ्यांवर वाळू कोणी टाकली नव्हती. मी असतो तर पहाटेच टाकली असती."

"तू होतास कुठे पहाटे?" तिने विचारलं.

मी गॅरेजमध्ये होतो. सकाळची कॉफी घेऊन मी थोडा वेळ आपल्या पिकअपमध्ये बसतो. इंजिन बंदच असतं. जुनी सवय आहे, दुसरं काही नाही. तिला तसं सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. दुखत असणार.

दुपारी तिला एका हाताने सोपं जावं म्हणून स्वयंपाकघरातल्या मसाल्यांच्या बाटल्या अक्षरांच्या क्रमाने लावून दिल्या. जूनपासून ही तिसरी फेरी. ती दारात उभी राहून बघत होती. मग डोळे मिटून म्हणाली, "देवा, मला बळ दे." मनगट फारच दुखतंय बिचारीचं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
हलकं हिम, जमिनीवर टिकलं नाही.

मोठी बातमी. चर्चच्या तळघरातल्या ख्रिसमसच्या झाडाची जबाबदारी माझ्यावर आली आहे.

हे झाड दरवर्षी मार्डेल आणि तिच्याबरोबर मंगळवारी जमणाऱ्या बायका, आर्डिस आणि लव्होन, सजवतात. बाजारातलं काही नाही. अंड्यांच्या पुठ्ठ्यांच्या घंटा, कपड्यांच्या चिमट्यांची हरणं, गवताचे बोकड, कागद विणून केलेली हृदयं. तेरा डिसेंबरला संत लुसियाच्या सणाचं जेवण असतं, त्याच्या आत झाड उभं राहायला हवं. आणि यंदा घोळ असा की चर्चच्या मंडळाचा खजिनदार वेंडेल खोक्यात मिळणारं प्लास्टिकचं झाड आणायच्या मागे लागलाय. दिवे, गोळे, चांदणी सगळं आधीच चिकटवलेलं, छत्रीसारखं उघडायचं आणि छत्रीसारखं मिटायचं. मंडळाचं ठरलंय की यंदाचं झाड पाहू आणि जेवणानंतर मत घेऊ.

"खोकं आलं की मंगळवार संपले," मार्डेल म्हणाली. "आर्डिस चौऱ्याऐंशीची आहे. त्या मंगळवारसाठी ती केस विंचरते. आणि माझा हा हात असा."

"मग लव्होन आहे की."

"लव्होनला झाड सांभाळायला सांगू? ती बोलायला लागली की गोंद वाळतो. तूच जा, ऑर्लिन."

मी म्हटलं, मला त्यातलं काही कळत नाही. ती म्हणाली, राहू दे मग. मी म्हटलं, तसं अगदीच कळत नाही असं नाही. ती म्हणाली, नको, तुला त्रास. मी म्हटलं, त्रास कसला. आमच्याकडे कुठलीही गोष्ट तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय स्वीकारायची नसते, म्हणून एवढा वेळ लागला.

मनात माझं ठरलंय. इतकी वर्षं या बायका शरद ऋतूभर बसून जे करतात, ते नीट पद्धत लावली तर चार दुपारींत उरकेल.

१७ नोव्हेंबर, रविवार
स्वच्छ, बोचरी थंडी.

चर्चनंतर कॉफीच्या वेळी वेंडेलने मला त्याच्या फोनवर खोक्यातल्या झाडाचं चित्र दाखवलं. निळे दिवे लुकलुकतात आणि मधूनच ते आपोआप फिरतं.

मी नीट बघितलं आणि म्हटलं, "वेगळंच आहे, वेंडेल."

त्याचा चेहरा पडला. आमच्या गावात कोणी कोणाला वाईट म्हणत नाही. एखाद्याचा पदार्थ घशाखाली उतरला नाही, टाय डोळ्यात खुपला, सून पसंत पडली नाही, की माणूस म्हणतो, "वेगळं आहे." त्याहून कडक शिवी आमच्याकडे नाही. वेंडेलला ती बरोब्बर लागली. दिवस छान गेला.

१९ नोव्हेंबर, मंगळवार
हिम, बोटभर.

पहिला मंगळवार. तळघरात आर्डिसबाई, लव्होन आणि मी. मार्डेल घरीच. "तुम्हाला मोकळेपणा हवा," असं म्हणाली आणि मला दारापर्यंत सोडायला आली. डब्यात सँडविच दिलं होतं, जसं ट्रकवर जाताना द्यायची. एका हाताने इतकं घट्ट कसं गुंडाळलं कोण जाणे.

आर्डिसबाईंनी मला कागदी हृदय विणायला शिकवलं. लाल पट्ट्या पांढऱ्या पट्ट्यांमधून घालायच्या, एक आतून, एक बाहेरून. बर्फाचा ट्रक मी वादळात उलटा घाटावरून आणलेला आहे, पण ही पट्टी माझ्या बोटांतून काही जाईना. चौथ्या हृदयाचे दोन तुकडे झाले, पाचवं एका बाजूला बसलं.

"हे जरा खचलेलं दिसतंय," मी म्हटलं.

"हृदयच ते," आर्डिसबाई म्हणाल्या. "खचायचंच. ठेव बाजूला, मागच्या फांदीवर लावू."

लव्होन तोवर तिच्या नणंदेच्या गुडघ्याबद्दल बोलत होती. ती गुडघ्यापाशी सुरू झाली तेव्हा मी आलो आणि नणंदेच्या दुसऱ्या लग्नापर्यंत पोचली तेव्हा निघालो. कॉफी मात्र चांगली होती, आणि आर्डिसबाईंनी जाताना विचारलं, "पुढच्या मंगळवारी येशील ना?" मी म्हटलं, बघतो. तसं बघण्यासारखं दुसरं काही नाहीये.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
पहाटे हिम. रस्ते निसरडे.

पहाटे आपल्या रस्त्यावरून बर्फाचा ट्रक गेला. पलंगावर पडल्या पडल्या कळलं की माझ्या जागी आलेल्या पोराने बर्फ सारायचं पातं फार वर धरलंय, वळणावर बर्फ मागे राहणार. उठून खिडकीतून पाहिलं. राहिला होता. कोणाला सांगणार?

मग गॅरेजमध्ये जाऊन पिकअपमध्ये बसलो. आणि तिथेच मला युक्ती सुचली.

गॅरेजमागे पाइनचे शंकू पडलेले असतात. त्यांचे निस्से करायचे. निस्से म्हणजे आमच्या जुन्या गोष्टींतला, गोठ्यात राहणारा बुटका म्हातारा, ख्रिसमसला खीर नाही मिळाली तर गाईंच्या शेपट्या बांधून ठेवणारा. शंकू हे अंग, वर लाल फेल्टची टोपी, खाली लोकरीची दाढी आणि मध्ये नाक म्हणून पांढऱ्या घेवड्याचा दाणा. चेहरा काढायची गरजच नाही, कारण टोपी नाकापर्यंत येते. विणकाम शून्य. शंकू फुकट, घेवडा घरात पोतंभर, फेल्ट मार्डेलच्या चिंध्यांत.

अडचण एकच. शंकू पसरलेले, पाकळ्या उघड्या, टोपी डुगडुगते. पण बादलीजवळ पडलेला एक शंकू मला अगदी मिटलेला, गुळगुळीत सापडला. भिजला होता. म्हणजे भिजवला की शंकू मिटतो! सगळे बादलीत टाकले. दुपारपर्यंत मुठी वळल्यासारखे मिटले. फडक्याने कोरडे केले आणि गरम गोंदाच्या बंदुकीने टोपी, दाढी, नाक. पक्के बसले. हे इतक्या वर्षांत एकाही बाईच्या डोक्यात कसं आलं नाही?

२६ नोव्हेंबर, मंगळवार
ढगाळ. रस्ते साफ, वळण सोडून.

पहिला निस्से बायकांना दाखवला. आर्डिसबाईंनी तो हातात घेऊन उलटा केला, वास घेतला.

"हा मिटलेला कसा रे?"

मी भिजवण्याची पद्धत समजावून सांगितली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. लव्होन गप्प झाली, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

"आम्ही शंकू आधी ओव्हनमध्ये घालतो," आर्डिसबाई सावकाश म्हणाल्या. "किडे मरतात. आणि ते... बरंच काही व्हायचं ते आधीच होऊन जातं."

"ओव्हनमध्ये घातले तर उघडतील," मी म्हटलं.

"हो. उघडतील खरे," आर्डिसबाई म्हणाल्या.

"घरात शेगडीपाशी एखादा ठेवून पाहिलास का, ऑर्लिन?" लव्होनने विचारलं. "म्हणजे सहज. रात्रभर. मी आपलं म्हणतेय."

मी म्हटलं, गॅरेज थंड आहे, तिथे उत्तम राहतात, घरात पसारा कशाला.

"असंही करता येतं म्हणा," आर्डिसबाई म्हणाल्या आणि निस्से माझ्या हातात परत ठेवला. "वेगळंच आहे हं हे."

फार बरं वाटलं. चौऱ्याऐंशी वर्षांत त्यांनी असं काही पाहिलेलं नाही, त्या स्वतःच म्हणाल्या म्हणजे.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार
थंडी कडक. कालच्या टर्कीचं सूप.

वाणसामानाच्या दुकानात डॉक्टर भेटले. म्हणाले, "मार्डेलचा हात आता ठणठणीत असेल. आठवड्याभराचं तर काम होतं." मी त्यांना सांगितलं की तिला झोळी काढवत नाही, काल भांडी घासायचा विषय निघाला तेव्हा केवढी कळ आली. डॉक्टर खोकला आल्यासारखं काहीतरी करून पावांच्या फळीमागे गेले. हल्लीचे डॉक्टर. रोगाकडे लक्षच नाही.

घरी आलो तर टेबलावर लेफ्सेची चवड. बटाट्याच्या इतक्या पातळ पोळ्या की पलीकडचं दिसावं. मी विचारलं, कोणी केल्या? मार्डेल म्हणाली, लव्होनने पाठवल्या. तिच्या झोळीला पीठ लागलं होतं. लव्होन भरताना सांडते फार.

सकाळी माझ्याकडून लोणच्याच्या काकडीची बाटली उघडली नव्हती, ती आता उघडी होती. स्वयंपाकघराच्या उबेने झाकण सैल पडलं असणार.

३ डिसेंबर, मंगळवार
हिम, घोट्यापर्यंत.

निस्सेंची फौज तयार होतेय. गॅरेजमध्ये दोऱ्यांवर टांगून ठेवलेत, सगळ्यांची नाकं एका दिशेला. मी दार उघडून आत गेलो की वाटतं, कामावर हजेरी घेतोय. पिकअपमध्ये बसायला जागा नाही, तिथे टोप्या वाळताहेत.

मंगळवारी आज मी लव्होनच्या नणंदेबद्दल स्वतःहून विचारलं. तिसऱ्या लग्नाचं चाललंय. नवरामुलगा मोटारींच्या काचा बसवतो. आर्डिसबाई हसून हसून अंड्याचा पुठ्ठा चुकीचा कापून बसल्या आणि घंटेऐवजी त्याचं काहीतरी टोपडं झालं, ते त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवलं. मी ते घरापर्यंत तसंच घालून आलो. लक्षातच नव्हतं.

मार्डेल म्हणाली, "कोण हा देखणा?"

एक नोंद. आज झोळीत डावा हात होता. मला वाटत होतं की दुखापत उजव्या हाताला झालीय. मागचं पान उघडून पाहिलं तर उजवंच लिहिलंय. पडल्याच्या गडबडीत मीच चुकीचं लिहिलं असेन.

६ डिसेंबर, शुक्रवार
स्वच्छ.

वेंडेल गॅरेजमध्ये आला, "सहज". निस्सेंकडे बघून त्याने विचारलं, "एवढं सगळं हाताने? कशासाठी, ऑर्लिन? खोकं आणलं की सगळ्यांचाच वेळ वाचेल."

"वाचवून काय करायचा?" मी विचारलं.

तो विचारात पडला. मग म्हणाला, "ते मला ठाऊक नाही. मी खजिनदार आहे."

तो गेल्यावर मी बराच वेळ गोंदाची बंदूक हातात धरून उभा होतो. जूनपासून माझ्याकडे वेळच वेळ होता, आणि तो काही चांगला नव्हता. हे मी कोणाला बोललो नाही, इथे लिहितो. पहाटे ट्रकचा आवाज यायचा आणि वाटायचं, आपल्यावाचून सगळं चाललंय, आणि ते नीटच चाललंय, एक वळण सोडलं तर. ही नाकं चिकटवायला लागल्यापासून तसं कमी वाटतं. झाड चांगलं व्हायला हवं. मार्डेलसाठी, आर्डिसबाईंसाठी, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीही.

१२ डिसेंबर, गुरुवार
मोठी थंडी. तळ्यावर बर्फ धरला.

झाड आलं. छताला टेकतंय. बायकांच्या घंटा, हरणं, हृदयं लावून झाली. निस्से मात्र मी उद्या दुपारी थेट गॅरेजमधून आणणार, म्हणजे ताजे राहतील. झाड उभं करायची जागा मी बदलली. नेहमीच्या कोपऱ्यात ते कोणाला दिसत नाही. मी ते खिरीच्या टेबलाला अगदी लागून, गरम हवेच्या जाळीपुढे उभं केलं. लोक जवळ यावेत, त्यांना ऊबही मिळावी.

"जाळीपुढे?" लव्होनने विचारलं.

"जाळीपुढे," मी म्हटलं.

"अच्छा," आर्डिसबाई म्हणाल्या. "म्हणजे आता सगळं देवाच्या हातात."

चर्चमध्ये असं बोलायचीच पद्धत आहे.

१३ डिसेंबर, शुक्रवार
हवामान पाहिलं नाही.

जे झालं ते क्रमाने लिहितो.

संध्याकाळी तळघर भरलं होतं. निस्से फांद्याफांद्यांवर, मिटलेले, गुळगुळीत, एकसारखे. लोक येऊन बघत होते. पास्टरबाई, आमच्या चर्चच्या धर्मगुरू, नव्या आहेत, वयाने माझ्या मुलीएवढ्या, म्हणाल्या, "किती गोड!" बाहेरगावच्या आहेत, त्यांना सरळ बोलायची सवय आहे. वेंडेल हाताची घडी घालून उभा होता. लव्होनने खिरीच्या वाट्या भरून झाडाखालच्या टेबलावर मांडल्या. तांदळाची दाट पांढरी खीर, वर साय, आणि सगळ्या वाट्यांत मिळून एकच सोललेला बदाम. ज्याला तो मिळेल त्याने गालात लपवायचा, सगळ्यांची खीर संपेपर्यंत ब्र काढायचा नाही. बदामवाल्याला बदामाच्या मिठाईचं डुक्कर आणि वर्षभराचं सुदैव.

मग दिवे मालवले. डोक्यावर दिव्यांचा मुकुट घातलेली लुसिया आणि तिच्यामागे पांढऱ्या झग्यांतली पोरं गात गात जिना उतरली. गाण्याच्या दोन ओळींमधल्या शांततेत माझ्या मागे आवाज आला. कट्.

मग पुन्हा. कट्. कट् कट्.

मला पहिल्यांदा वाटलं, कोणीतरी बोटं मोडतंय. मग माझ्या कानावर काहीतरी मऊ पडलं. हात लावून पाहिलं, तर दाढी. तेव्हा कळलं. जाळीतून गरम कोरडी हवा सुटली होती आणि माझे शंकू झाडावर एकामागून एक उघडत होते. पाकळी उघडली की टोपी उडे, टोपीमागे दाढी, आणि नाक सगळ्यात लांब जाई. अंधारात वाट्यांकडून टप, टप, टप असा आवाज येत राहिला. गाणं सहा कडव्यांचं होतं. इतकं लांब गाणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

दिवे लागले. झाडावर उघडेबोडके शंकू, आणि खाली जमीनभर लाल टोप्या. आणि आमच्या गावातला एक माणूस, एकही माणूस, काही बोलला नाही. सगळे टोप्या ओलांडत टेबलापाशी आले, "छान गायली मुलं" म्हणत वाट्या घेऊन गेले. आर्डिसबाईंनी बिस्किटांवरची दाढी हळूच उचलून रुमालात ठेवली. मला एखाद्याने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मार्डेल खोलीच्या पलीकडून माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. तिचं झाड, तिचे मंगळवार, आणि मी त्याचं हे करून ठेवलं.

मी वाटी घेतली आणि मान खाली घालून खाल्ली. माझ्याही वाटीत एक नाक निघालं. पुरावा नको म्हणून चावून गिळून टाकलं. वाटलं त्यापेक्षा मऊ होतं, आणि किंचित गोड.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की खोली फारच शांत आहे. लोक खात होते, पण ओठ मिटून, कोपऱ्यातून हसत, एक गाल जरा फुगवून. वेंडेलचा गाल फुगलेला. खाटकाचा फुगलेला. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंचा तर दोन्हीकडून.

वाट्या रिकाम्या झाल्या. पास्टरबाईंनी मिठाईचं डुक्कर उंच धरलं. "तर मग, बदाम कोणाकडे?"

अर्धी खोली उठून उभी राहिली.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळ्यांनी एकाच वेळी तळहातावर काढून दाखवलं. पांढरं, लांबट, ओलं. "माझा खरा आहे," वेंडेल म्हणाला. "मला पहिल्या घासालाच लागला." आणि सिद्ध करायला त्याने तो परत तोंडात टाकून दाढेखाली धरला. कट्, असा तोच आवाज झाला. तो गालाला हात लावून खाली बसला.

"वेंडेल," आर्डिसबाई गोड आवाजात म्हणाल्या, "ते नाक आहे रे."

आधी पास्टरबाई हसल्या, डुक्कर छातीशी धरून. मग लव्होन, आणि ती हसली की खिडक्या वाजतात. मग सगळेच. मी या लोकांना साठ-बासष्ट वर्षं ओळखतो, लग्नांत, बारशांत, हॉकीच्या सामन्यांत पाहिलंय, पण हे लोक असे हसू शकतात हे मला माहीत नव्हतं. पोरं टोप्या उचलून बोटांवर घालून नाचवायला लागली. ज्याच्या हातात नाक होतं तो दुसऱ्याच्या चेहऱ्यावर लावून बघत होता.

खरा बदाम शेवटपर्यंत सापडला नाही. लव्होन शपथेवर सांगते की तिने स्वतः टाकला होता. विसरली असेल, बोलण्याच्या नादात.

मग मत घ्यायची वेळ आली. वेंडेल उभा राहून गालातल्या गालात काहीतरी पुटपुटला, एवढंच कळलं की खोक्यातल्या झाडाचं काही गळत नाही. त्यावर आर्डिसबाई उठल्या. काठी टेकून, सावकाश.

"मी चौऱ्याऐंशी वर्षं 'वेगळं आहे' म्हणत आलेय," त्या म्हणाल्या. "आज सरळ सांगते. खोकं मला नको. मला मंगळवार हवेत. आणि तो तिथे कानावर दाढी लटकवून उभा आहे ना, तोही हवा."

खोकं एका मताने हरलं नाही, सगळ्या मतांनी हरलं. वेंडेलनेही हात वर केला, दुसरा गालावर होता.

टाळ्या पडल्या. मार्डेल सगळ्यात जोरात वाजवत होती, मग तिने दोन्ही हातांनी डोळे पुसले, मग गर्दीतून येऊन दोन्ही हातांनी माझ्या कोटाची कॉलर धरली आणि कानावरची दाढी काढून घेतली. झोळी मागे खुर्चीच्या पाठीवर लटकत होती.

मी झोळीकडे पाहिलं. तिच्या हातांकडे पाहिलं. पीठ आठवलं. लोणच्याची बाटली आठवली.

घरी येताना गाडीत ती म्हणाली, "शंकूंचं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू परत त्या पिकअपमध्ये जाऊन बसला असतास." जरा थांबून ती म्हणाली, "रोज सकाळी गॅरेजच्या खिडकीतून तुला तिथे बसलेलं बघायचे, ऑर्लिन. अंधारात, बंद गाडीत. मला भीती वाटायची."

वळणापाशी बर्फ राहिलेला होता, तो मी सांभाळून ओलांडला. मग म्हटलं, "मलाही वाटायची." बस, एवढंच. आमच्या गावात हे पुष्कळ झालं.

१४ डिसेंबर, शनिवार
हिम, गुडघ्यापर्यंत. अजून पडतंय.

पहाटे ट्रक गेला. पातं अजून वरच. सोमवारी त्या पोराला कॉफीला बोलावून दाखवीन.

गॅरेजमध्ये गेलो नाही, वेळच झाला नाही. कॉफी संपायच्या आत आर्डिसबाई आणि लव्होन टोप्या, दाढ्या, नाकं भरलेल्या पिशव्या घेऊन हजर. शंकू मार्डेलच्या ओव्हनमध्ये भाजायचे, पूर्ण उघडू द्यायचे, मग नव्याने चिकटवायचे आणि ख्रिसमसच्या आत झाडावर परत. घरभर पाइनचा वास सुटला. मी विचारलं, हे मला आधीच सरळ का नाही सांगितलंत? दोघी माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी त्यांचं वजन विचारलं.

"सांगितलं की," आर्डिसबाई म्हणाल्या. "वेगळं आहे म्हणाले होते ना?"

निघताना लव्होन कोट चढवत म्हणाली, "जानेवारीपासून ईस्टरच्या अंड्यांना लागायचं. फुंकून रिकामी करायची, रंगवायची, नाजूक काम. तोवर मार्डेलचा हात काही बरा होईलसं वाटत नाही मला."

"मलाही नाही वाटत," मार्डेल लेफ्से लाटता लाटता म्हणाली. तिने लाटणं खाली ठेवलं, हातावरचं पीठ झटकलं, खुंटीवरची झोळी काढून माझ्याकडे दिली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बांध रे जरा. फार दुखतंय."

मी झोळी तिच्या गळ्यात घातली, मागे नीट गाठ मारली. कुठला हात, ते विचारलं नाही.